दुकानात शिरताच मागे लागणारी नजर : कृष्णवर्णीय गिऱ्हाईक आणि अमेरिकेतली दुकानं

निवडुंग

कृष्णवर्णीय माणूस दुकानात आला की कुणीतरी मागे मागे फिरतं, पिशवी उघडायला सांगतं, कार्ड दोनदा उलटंपालटं करून बघतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना हे नवं नाही. २०१३मध्ये न्यूयॉर्कमधल्या बार्नीज या महागड्या दुकानात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने ३५० डॉलरचा पट्टा स्वतःच्या डेबिट कार्डाने घेतला आणि बाहेर पडताच पोलिसांनी त्याला अडवलं. कारण काय, तर एवढं महाग घेतोय म्हणजे कार्ड खोटं असणार. पुढच्या वर्षी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलशी तडजोड करताना बार्नीजने ५ लाख २५ हजार आणि तशाच तक्रारी असलेल्या मेसीज या साखळी दुकानाने ६ लाख ५० हजार डॉलर भरले. मेसीजची तर ही दुसरी खेप होती. २००५मध्येही त्यांनी अशाच तक्रारींवरून ६ लाख भरले होते.

आपल्यातले काही जण गॅस स्टेशन, किराणा, ब्युटी सप्लाय चालवतात. काही जण साखळी दुकानांत मॅनेजर आहेत. बिलिंगची आणि कॅमेऱ्यांची सॉफ्टवेअर लिहिणारे तर कितीतरी आहेत. म्हणजे हा प्रश्न आपल्या हाताखालूनही जातो. म्हणून विचारतो : हे नेमकं कुठल्या पायरीवर घडतं, आणि दुकान चालवणाऱ्याने काय बदललं की ते थांबेल? किस्से नकोत, कृपया काम कसं करायचं ते लिहा.

गस्त

धागा काढलात, बरं केलंत. दुकानातल्या चोऱ्या रोखणाऱ्या लॉस प्रिव्हेन्शनवाल्यांना, म्हणजे एलपीला, चोर पकडण्याच्या सहा पायऱ्या शिकवतात. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच. माणूस मांडणीपाशी रिकाम्या हाताने येताना दिसला पाहिजे. तो वस्तू उचलताना दिसला पाहिजे. ती लपवताना किंवा घेऊन निघताना दिसला पाहिजे. तिथून पुढे नजर एक क्षणही हटता कामा नये. पैसे न भरता तो गल्ल्याच्या पुढे गेला पाहिजे. आणि अडवायचं ते दाराबाहेर.

यातली एक पायरी जरी सुटली तरी अडवायचं नाही, असा नियम असतो. नजर हटली असेल तर मधल्या वेळात त्याने वस्तू परत ठेवली असू शकते.

आता नीट बघा, या सहांत माणसाच्या कातडीचा प्रश्न कुठेच येत नाही. गडबड होते ती पहिल्या पायरीच्याही आधी : कॅमेऱ्याच्या खोलीत बसलेला माणूस ४०० गिऱ्हाइकांतून कुणाकडे बघायचं हे ठरवतो तेव्हा. त्या निवडीची कुठेही नोंद नसते. कागदावर फक्त पकडलेले दिसतात, आणि ज्यांच्याकडे बघितलं तेच पकडले जातात. मग पुढच्या वर्षी आकडे दाखवून तोच माणूस म्हणतो, बघा, हेच लोक चोरतात.

शमा_एडिसन

हे पटलं, पण दुसरी बाजूही मांडते. चोरी वाढली आहे हे खोटं नाही. छोट्या दुकानात मार्जिन किती असतं? तिथे लक्ष ठेवलं नाही तर दुकान बंद पडेल. लक्ष ठेवणं म्हणजे लगेच वंशभेद, असं म्हणू नये.

पायवाट

शमाताई, लक्ष ठेवा, पण घट, म्हणजे हिशोबात कमी भरणारा माल, कुठून होते ते आधी बघा. अमेरिकेच्या नॅशनल रिटेल फेडरेशनच्या पाहणीत २०२२ सालची घट विक्रीच्या १.६ टक्के होती. त्यातली बाहेरच्यांची चोरी ३६ टक्के, कर्मचाऱ्यांची चोरी २९ टक्के, आणि बिलिंग-मोजणीतल्या चुका २७ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त नुकसान गल्ल्याच्या आतल्या बाजूला होतं. याच संस्थेने त्याआधी म्हटलं होतं की ९४.५ अब्ज डॉलरच्या घटीपैकी जवळपास निम्मी संघटित टोळ्यांमुळे आहे. तो दावा त्यांना डिसेंबर २०२३मध्ये मागे घ्यावा लागला.

चोर ओळखायचा कसा, यावरही चांगलं काम झालेलं आहे. अटलांटातल्या एका औषधांच्या दुकानात संशोधकांनी कॅमेऱ्यातून गिऱ्हाइकांचं निरीक्षण केलं. तो अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. बघितलेल्यांपैकी ८.५ टक्के लोकांनी काहीतरी उचललं. ओळखायला उपयोगी पडलं ते वागणं : वेष्टनाशी खटपट करणं, कॅमेरे आणि कर्मचारी कुठे आहेत हे शोधत राहणं, काहीही न घेता निघून जाणं. यांच्यापुढे वंशाने काही कळत नव्हतं. आणखी बोलकी गोष्ट पुढची. याच गटाला नंतर दिसलं की कुणाकडे बघायचं हे निरीक्षकांच्या मनावर सोडलं, तर शिकवून तयार केलेले निरीक्षकही ठरावीक प्रकारच्या माणसांकडेच वळतात.

गस्त

अगदी हेच. म्हणून कॅमेऱ्याच्या खोलीत माणूस निवडायचा नाही, मांडणी निवडायची. रेझर ब्लेड, परफ्यूम, लहान मुलांचं दूध, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. अशा चार-पाच मांडण्यांवर कॅमेरा लावून ठेवायचा आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक हाताकडे बघायचं. माणसामागे कॅमेरा फिरवायला सुरुवात केली, तर कुठली कृती दिसली म्हणून फिरवला ते वेळेसकट वहीत लिहायचं. लिहायला कृती सापडत नसेल तर कॅमेरा परत मांडणीवर न्यायचा.

रेडिओवरही आधी कृती आणि जागा सांगायची, मग कपडे. 'चार नंबरच्या रांगेत निळ्या जाकिटातल्या माणसाने दोन डबे पिशवीत टाकले.' वंशापासून सुरू होणारी वर्णनं बंद. काही दुकानांवर तर याहून वाईट आरोप झालेत. कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात असा आरोप होता की व्हर्साचेच्या दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाईक आलं की 'डी ४१०' म्हणायला शिकवलं जायचं, जो काळ्या शर्टांचा कोड होता. कंपनीने तो नाकारला.

उंबरठा

पण नुसतं मागे फिरणं बेकायदेशीर आहे का? कुणाला अडवलं नाही, हात लावला नाही, तर?

कलम_४२

उंबरठा, इथेच कायद्याची दुखरी जागा आहे, म्हणून जरा लांबवर लिहिते.

लोकांना वाटतं १९६४च्या नागरी हक्क कायद्यात सगळी दुकानं येतात. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात हॉटेलं, खानावळी, गॅस स्टेशनं, नाट्यगृहं अशी यादी आहे. साधं कपड्यांचं दुकान त्या यादीत नाही. ग्रीन्सबरोला १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात निषेध म्हणून बसले ते खाण्याच्या काउंटरवर, आणि दुकानातला खाण्याचा काउंटर कायद्यात आला. गॅस स्टेशनवाल्यांनी मात्र लक्षात ठेवा, तुम्ही थेट यादीत आहात. या प्रकरणाखाली भरपाई मिळत नाही, फक्त मनाईहुकूम मिळतो.

म्हणून दुकानांवरचे खटले चालतात ते १८६६च्या कायद्यावर, आज ज्याला कलम १९८१ म्हणतात. करार करण्याचा सगळ्यांना गोऱ्यांइतकाच हक्क, असं ते कलम सांगतं. १९९१च्या दुरुस्तीने कराराचे सगळे लाभ उपभोगणंही त्यात आलं. खरेदी हा करार. पण मग प्रश्न येतो, करार सुरू कधी होतो?

कॅन्ससमध्ये १९९६ साली डिलार्ड्सच्या दुकानात एका कृष्णवर्णीय बाईंनी लहान मुलासाठी कपडे घेतले. पावतीबरोबर अत्तराच्या नमुन्याचं कूपन मिळालं. ते घ्यायला काउंटरवर गेल्या तर सुरक्षारक्षकाने थांबवून पिशवी तपासली. ज्युरीने ५६ हजार डॉलर भरपाई आणि ११ लाख दंडात्मक भरपाई दिली. दहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २००१मध्ये ती कायम ठेवली, कारण कूपन हा खरेदीच्या कराराचाच लाभ होता. त्याच वेळी त्यांच्याबरोबर असलेल्या नातलग बाईंचा दावा मात्र फेटाळला गेला. त्यांनी काही विकत घेतलेलं नव्हतं. एकच रक्षक, एकच क्षण, आणि निकाल दोन.

२००९मध्ये आठव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने आणखी कडक भूमिका घेतली. मागे फिरणं, रोखून बघणं, एवढ्याने कलम १९८१ मोडत नाही. खरेदीचा प्रयत्न होता आणि तो दुकानाने हाणून पाडला, हे दाखवावं लागतं. त्यात २०२०मध्ये कॉमकास्ट या केबल कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भर घातली की वंश हे कारण नसतं तर नुकसान झालंच नसतं, असं सिद्ध करा.

मला हे अन्यायाचं वाटतं. ज्याच्यामागे माणूस लावला जातो तो वैतागून काही न घेता निघून जातो, आणि काही घेतलं नाही म्हणून त्याचा दावा उभा राहत नाही.

उंबरठा

मग मार्गच नाही?

कलम_४२

आहे, राज्यांच्या कायद्यांत. न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्यात दुकानं सरळ सरळ येतात. डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे १८० दिवसांत तक्रार करायची, किंवा दोन वर्षांत कोर्टात जायचं. कॅलिफोर्नियाच्या उन्रू या नागरी हक्क कायद्यात नुकसान मोजता आलं नाही तरी प्रत्येक प्रकाराला किमान ४,००० डॉलर मिळतात. न्यूयॉर्क राज्यात फेब्रुवारी २०२४नंतरच्या घटनांसाठी मानवी हक्क विभागाकडे तीन वर्षांची मुदत आहे. तिथे कूपनाचा शोध घेत बसावं लागत नाही.

विरजण

टॅग लागलेला माल बाहेर जाताना दारातल्या खांबांची घंटा वाजते, तिच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्या खांबांचे दोन मुख्य प्रकार : ५८ किलोहर्ट्झवर चालणारे आणि ८.२ मेगाहर्ट्झवर चालणारे. मालावरचा लेबल-टॅग गल्ल्याच्या पॅडवर निष्क्रिय व्हायला हवा. तो होत नाही याची कारणं साधी असतात. कॅशिअरने वस्तू पॅडवरून फार उंचावरून किंवा घाईत नेली. एका डब्यात दोन टॅग होते, एक कारखान्यात आत लावलेला आणि एक दुकानाने बाहेर लावलेला. वस्तू धातूच्या कागदात होती. किंवा दुसऱ्याच दुकानातल्या खरेदीचा जिवंत टॅग पर्समध्ये आहे.

म्हणजे घंटा वाजली याचा अर्थ बऱ्याचदा आपल्याच माणसाकडून काम राहिलं, एवढाच असतो. पण गोरी बाई असली की 'जा, जा, टॅग राहिला असेल' आणि कृष्णवर्णीय मुलगा असला की पिशवी टेबलावर रिकामी! उपाय सोपा आहे. घंटा वाजली की प्रत्येकाला एकच वाक्य : 'माफ करा, आमच्याकडून टॅग काढायचा राहिला वाटतं, काढून देऊ का?' मग पावती आणि वस्तू पॅडवरून फिरवायची. कुठल्या वेळी, कुठल्या गल्ल्यावरचा माल वाजला ते लिहून ठेवा. आठवड्याभरात कळेल की दोष एका पॅडचा आहे की एका हाताचा.

मेथीची_जुडी

कुलूपबंद मांडण्यांचं पण लिहा कुणीतरी. वॉलमार्टच्या काही दुकानांत कृष्णवर्णीयांच्या केसांची तेलं, क्रीम, अगदी कंगवेसुद्धा काचेआड असायचे आणि शेजारीच इतरांचे शाम्पू उघड्यावर. २०१८मध्ये कॅलिफोर्नियात यावर खटला झाला. जून २०२०मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर, कंपनीने ही पद्धत बंद केली. सीव्हीएस आणि वॉलग्रीन्स या औषधांच्या साखळी दुकानांनीही तेव्हाच तसं जाहीर केलं. काचेआडची वस्तू घ्यायला कर्मचारी बोलवायचा, त्याने ती स्वतः गल्ल्यापर्यंत न्यायची, आणि गिऱ्हाइकाने मागून चालायचं. चार लोकांसमोर!

गल्ला_सांभाळून

ब्युटी सप्लायवाल्यांसाठी पुरवणी. कुलूप लावायचंच तर नियम किमतीचा आणि नगांच्या हिशोबाचा ठेवा. ठरावीक किमतीवरचं सगळं काचेआड, मग ते कुणाच्याही केसांचं असो. किंवा महिन्याच्या मोजणीत ज्या वस्तूचे नग खरोखर कमी भरले तीच वस्तू, तेवढ्याच दुकानात. आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करून कुलूप काढायचं की ठेवायचं ते ठरवा. नाहीतर एकदा लागलेलं कुलूप कायमचं राहतं. विक्रीही बघत चला, काचेआड गेलेल्या मालाची विक्री पडते.

धूळपाटी

कॅमेऱ्यांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी, कारण निवडुंग यांनी आम्हालाही बोलावलंय.

राइट एड या औषधांच्या साखळी दुकानाने २०१२ ते २०२० या काळात शेकडो दुकानांत चेहरा ओळखणारी यंत्रणा लावली होती. डिसेंबर २०२३मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने पाच वर्षं ती वापरायला बंदी केली. कमिशनच्या तक्रारीत चुका एकेक करून मांडल्यात आणि प्रत्येक अभियंत्याने त्या वाचाव्यात. 'संशयितांच्या' यादीतले फोटो कॅमेऱ्यातून किंवा कर्मचाऱ्यांच्या फोनवरून घेतलेले, अंधुक. लावण्याआधी अचूकता तपासली नाही, लावल्यावरही चुकीच्या इशाऱ्यांचा हिशोब ठेवला नाही. एका व्यक्तीच्या फोटोवरून आठवड्याच्या आत देशभरातल्या १३० हून अधिक दुकानांत ९०० हून अधिक इशारे निघाले. एक माणूस न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस इतक्या ठिकाणी असणं शक्यच नाही, आणि हे यंत्रणेत कुणी पकडलं नाही. कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्तीतल्या दुकानांत खोटे इशारे जास्त होते. इशारा आला की कर्मचारी मागे लागायचे. एका ११ वर्षांच्या मुलीचीही झडती घेतली गेली.

एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१९मध्ये अनेक अल्गोरिदम तपासले. त्यांत कित्येकांचे खोटे जुळणारे निकाल कृष्णवर्णीय आणि आशियाई चेहऱ्यांसाठी गोऱ्यांच्या १० ते १०० पट निघाले. आशियाईत आपणही आलो.

माझं मत स्पष्ट आहे : दुकानात चेहरा ओळखणारी यंत्रणा लावूच नये. लावणाऱ्या कंपनीत असाल तर निदान एवढ्यासाठी भांडा : अंधुक फोटो यादीत घ्यायचा नाही, प्रत्येक नोंदीला संपण्याची तारीख, प्रत्येक इशाऱ्याचा निकाल नोंदवणं सक्तीचं, आणि खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण दुकानवार दर आठवड्याला छापणं.

जुनं_ते

थोडं अवांतर. पूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या दुकानांत कृष्णवर्णीयांना टोपी किंवा बूट घालून बघू देत नसत. लोक कागदावर पावलाचा आकार काढून नेत. सिअर्सचा कॅटलॉग तिथल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना एवढा जवळचा वाटला तो यामुळेच. टपालाने मागवलं की गावच्या दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. १९३०च्या दशकात 'जिथे नोकरी मिळत नाही तिथे खरेदी करू नका' ही मोहीम चालली, हार्लेममध्ये १९३४ साली ब्लमस्टाइन्सच्या दुकानासमोर लोक उभे राहिले. गिऱ्हाईक म्हणून मान आणि गल्ल्यामागची नोकरी, या दोन मागण्या पहिल्यापासून हातात हात घालून आल्यात.

टोरांटोकर

कॅनडातही हेच चित्र आहे. नोव्हा स्कॉशियाच्या मानवी हक्क आयोगाने २०१३मध्ये फक्त दुकानांतल्या वांशिक संशयावर अहवाल काढला. तिथल्या एका सोबीज दुकानाने २००९मध्ये एका कृष्णवर्णीय गिऱ्हाईक बाईंवर जुनी चोर म्हणून खोटा आळ घेतला होता. चौकशी मंडळाने तो भेदभाव ठरवला आणि २१,००० डॉलर भरपाई द्यायला लावली. इथली जमेची बाजू म्हणजे मानवी हक्क न्यायाधिकरणात 'खरेदी हाणून पाडली' वगैरे दाखवावं लागत नाही. झडतीच्या एका प्रसंगावर ऑन्टारिओत २०१५मध्ये ८,००० डॉलर दिले गेले.

शमा_एडिसन

सगळं वाचलं. कलम_४२ आणि गस्त, तुमच्यामुळे बरंच कळलं. पण मोठ्या साखळीत एलपी असतो, कॅमेऱ्याची खोली असते. गॅस स्टेशनवर रात्री एकटा मुलगा उभा असतो. त्याने काय करायचं?

गस्त

एकट्या माणसाने कुणाला अडवायचंच नाही. सहा पायऱ्या एकट्याने पाळता येत नाहीत, आणि २० डॉलरच्या मालासाठी कुणाचा जीव धोक्यात घालायचा नाही. ना त्याचा, ना समोरच्याचा.

त्याने करायचं ते असं. दार उघडलं की जो येईल त्याच्याकडे बघून नमस्कार, हॅलो, काहीही. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचा दहा फुटांचा नियम प्रसिद्ध आहे : दहा फुटांच्या आत आलेल्या प्रत्येकाशी बोलायचं. चोराला आपल्याला कुणी पाहिलं हे आवडत नाही, आणि प्रामाणिक माणसाला आपली दखल घेतलेली आवडते. एकाच वाक्यात दोन्ही कामं होतात. अट एवढीच की ते प्रत्येकाला म्हटलं पाहिजे. गोऱ्याला हॅलो आणि कृष्णवर्णीयाला 'काय हवंय?' असं झालं की मुद्दाच गेला.

महाग सिगारेट, लॉटरी, व्हेप गल्ल्यामागे ठेवा. गल्ल्यापासून मागची रांग दिसेल इतकी मांडणी खाली आणा, साधारण पाच फुटांच्या आत. पिशव्या बाहेर ठेवायचा नियम असेल तर सगळ्यांच्या, नाहीतर कुणाच्याच नाही. 'एका वेळी दोनच विद्यार्थी' ही पाटी शाळेच्या मुलांवर लावतात. ती कुठल्या मुलांना दाखवली जाते ते मालकाने आठवड्यातून एकदा कॅमेऱ्यात बघावं.

गल्ला_सांभाळून

कार्डाचंही. ओळखपत्र दाखवल्याशिवाय कार्ड घेणार नाही, अशी सरसकट अट व्हिसाच्या नियमांत बसत नाही. मशीनने मंजुरी दिली की व्यवहार झाला. मोठ्या रकमेला ओळखपत्र विचारायचं असेल तर रक्कम ठरवा, गल्ल्यावर चिकटवा, आणि त्या रकमेवर प्रत्येकाला विचारा.

पायवाट

आणि पोलिसांना फोन कधी करायचा तेही त्या मुलाला आधीच सांगून ठेवा. मे २०१८मध्ये मिझुरीतल्या एका नॉर्डस्ट्रॉम रॅकमध्ये प्रॉम या शाळेच्या नाचाच्या समारंभासाठी कपडे घ्यायला आलेल्या तीन कृष्णवर्णीय मुलांमागे कर्मचारी फिरले आणि शेवटी पोलीस बोलावले. मुलांनी पैसे भरलेले होते. कंपनीच्या अध्यक्षांना माफी मागायला विमानाने यावं लागलं. न्यू जर्सीत तर ऑगस्ट २०२०पासून वंशावरून कुणाला घाबरवण्यासाठी ९११ या आपत्कालीन नंबरला खोटा फोन करणं गुन्हा आहे. डोळ्यांनी कृती पाहिली असेल किंवा धोका असेल तर फोन करा. 'बराच वेळ रेंगाळतोय' हे कारण चालणार नाही.

मेथीची_जुडी

आपण बघे असू तर? समोर कुणाला असं अडवलेलं दिसलं तर?

कलम_४२

जवळ थांबा, मध्ये पडू नका. अडवलेल्या माणसाला विचारा, 'मी थांबू का? रेकॉर्ड करू का?' वेळ, दुकानाची शाखा, रक्षकाच्या बिल्ल्यावरचं नाव लिहा आणि आपला नंबर त्याला द्या. साक्षीदार नसल्याने असे दावे पडतात.

अडवला गेलेल्याने दोन प्रश्न विचारावेत : 'मला जायची मोकळीक आहे का?' आणि 'माझ्याकडून कुठली कृती झालेली पाहिली?' दुकानदाराला अडवायचा हक्क आहे, पण सबळ कारण, थोडाच वेळ आणि सभ्य रीत, या तिन्हीत राहून. कबुलीच्या कुठल्याही कागदावर सही करू नये. न्यूयॉर्कमध्ये कायद्याने दुकानाला चोराकडून ५०० डॉलरपर्यंत दंड मागता येतो. डांबून ठेवलेल्या लोकांकडून तो तिथल्या तिथे वसूल करण्याची मेसीजची पद्धत २०१६मध्ये मॅनहॅटनच्या न्यायाधीशांनी थांबवली. घरी गेल्यावर त्याच दिवशी दुकानाला लेखी कळवावं की अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ते काही आठवड्यांत पुसलं जातं.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. गल्ल्यामागे लावायला पाच ओळी केल्या आहेत, दुरुस्त्या सुचवा :

'येणाऱ्या प्रत्येकाशी बोला. माणसावर लक्ष ठेवू नका, मांडणीवर ठेवा. घंटा वाजली तर माफी मागून टॅग काढून द्या. ओळखपत्र आणि पिशव्यांचा नियम सगळ्यांना सारखा. संशयास्पद वाटलं तर मॅनेजरला कळवा.'

गस्त

पहिल्या चार उत्तम. पाचवीतलं 'संशयास्पद वाटलं' काढा, सगळा घोळ त्याच दोन शब्दांतून शिरतो. त्याजागी लिहा : 'वस्तू लपवताना किंवा वेष्टन फोडताना पाहिलं तर, काय पाहिलं आणि किती वाजता ते लिहून मॅनेजरला कळवा.'

कलम_४२

आणि खाली तारीख टाकून प्रत्येक पाळीच्या कर्मचाऱ्याची सही घ्या, नवीन माणूस लागला की त्याचीही. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमधले दुकानदार २०१४पासून पोलिसांबरोबर एका अ‍ॅपवर 'संशयितांचे' फोटो टाकत होते आणि त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय निघाले. २०१५मध्ये तो गट थांबवावा लागला. तेव्हा कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गिऱ्हाइकांचे फोटो टाकायचे नाहीत, ही सहावी ओळ घाला.

निवडुंग

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. इंग्रजी आणि स्पॅनिश मसुदा शनिवारपर्यंत इथेच टाकतो. स्पॅनिश तपासायला कुणी आहे का?

टोरांटोकर

मी बघते. व्यक्तिगत निरोप पाठवा.